पाण्याच्या ड्रममधली कोंबडी

लोखंडी ड्रमच्या बुडाला छिन्नीने भोकं पाडून झाल्यावर मला आठवलं, की उन्हाळ्यात बायको याच ड्रममध्ये पाणी साठवते. उन्हाळा तोंडावर आला होता. आता कोंबडी तरी चांगली होणं भाग होतं.

ऑफिसातला एक जण परदेशी जाऊन आला होता. तिकडे म्हणे ड्रममध्ये लाकडाच्या धुरावर कोंबडी दिवसभर शिजवतात. मी ड्रममध्ये जुन्या कूलरची जाळी बसवली, खाली नरखेडहून आणलेली संत्र्याची लाकडं पेटवली आणि उमरेडच्या साळ्याला जेवायला बोलावलं. आमच्याकडे कोंबडी अंगणात आणि पुरुषांनीच करायची रीत होती, त्यामुळे दोष द्यायलाही दुसरं कोणी नव्हतं.

लाकडं ओली निघाली. शेजारीण दोरीवरचे कपडे काढून घेऊन गेली. साळा डोळे चोळत म्हणाला, "भाऊजी, कोंबडी भाजून राहिले का मच्छर पळवून राहिले?"

संध्याकाळी झाकण काढलं. कोंबडी बाहेरून कोळसा होती आणि आतून कच्ची. बायकोने रीत बाजूला ठेवली, अंगणातल्या चुलीवर झणझणीत रस्सा केला आणि कोंबडीचे तुकडे करून त्यात शिजवले. साळ्याने रस्सा पुन्हा पुन्हा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी भोकं बुजवायला डांबर घेऊन बसलो. बायको म्हणाली, "राहू द्या. पाण्याले दुसरा ड्रम आणा. याच्यात कढीपत्ता लावून घेऊ. कुंडीले लागते तशीच भोकं पाडली तुम्ही."