बर्फाच्या लाद्या

दादा कॅनडात लहान विमान उडवायचा. रस्ते नसलेल्या गावांना टपाल आणि किराणा पोचवायचा. "नागपूरच्या उन्हाला भिऊन पळालास," असं मी त्याला चिडवायचे. एके दिवशी ढगात विमानाच्या पंखांवर बर्फ साचत गेला, विमान हवेत तोलेना, कोसळलं. आत तो एकटाच होता.

इकडे नागपुरात, सक्करदऱ्यात मे महिना. कूलरसुद्धा गरम हवा फेकत होता. आईला मी सगळं पुन्हा पुन्हा समजावून सांगितलं. तिचं एकच.

"बर्फानं काहून पडन वं विमान? बर्फ तं आपण रसात टाकून पेतो. खोटं बोलून राहिले ते लोकं."

ती रडत नव्हती. शेजारणी डोळ्यांना पदर लावत, आणि हीच त्यांना पाणी विचारी. "मन घट्ट आहे हो तुमच्या आईचं," असं एकजण म्हणाली, तेव्हा तिला हाकलून द्यावंसं वाटलं मला. घट्ट कसलं डोंबलाचं! दादा गेला हे तिला पटलंच नव्हतं, आणि मला आता तिचीच धास्ती वाटत होती.

दादाची शवपेटी घरी आली ती भर दुपारी. उन्हाळ्यात माणूस गेलं की पाहुणे येईपर्यंत त्याला बर्फावर ठेवायची आमच्याकडे रीत. उमरेडहून आलेल्या मामानं त्याप्रमाणे लाद्या मागवून ठेवल्या होत्या. बंद पेटीला बर्फ कशाला, हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. मामानं मांडवात लाद्यांवरचं गोणपाट सोडलं, भुसा झटकला.

आई उठली. तिनं लादीवर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"असाच होता का वं विमानावर?" तिनं मला विचारलं.

मी मान डोलावली.

"त्याले बर्फावर नको ठेवू गा," ती मामाला म्हणाली. "थंडीत गेलं माह्यं लेकरू. त्याले उन्हात ने."

मामा माझ्याकडे पाहू लागला. ऊन लागू नये म्हणून शाळेत जाणाऱ्या दादाच्या खिशात आई रोज कांदा कोंबायची, डोक्याला दुपट्टा गुंडाळायची. "ने मामा," मी म्हणाले. आम्ही पेटी मांडवाबाहेर अंगणात ठेवली. आई शेजारी बसली, पेटीवर हात फिरवत मोठमोठ्यानं रडू लागली.

मी तिच्या डोक्यावर छत्री धरली. तिनं ती ढकलून दिली.

"बाजूले घे वं," ती म्हणाली. "सावली पडून राहिली त्याच्यावर."