पंकजाचं बाळसं

पुष्पावतीला मी नववीत विज्ञान शिकवलं. हुशार वगैरे नव्हती, पण चिवट होती. सजीवांच्या शरीरातली सेंद्रिय संयुगं मी फळ्यावर लिहीत होतो आणि वर्ग पेंगत होता. ही उठून म्हणाली, "सर, घरातल्या भाषेत सांगा की." मग सांगितलं: कर्बोदकं म्हणजे चुलीतलं सरपण, जळून ताकद देतात. मेद म्हणजे अडीनडीला राखलेलं धान्य. प्रथिनं म्हणजे भिंतीच्या विटा, आणि पडझड दुरुस्त करणारा गवंडीही तीच. केंद्रकाम्लं म्हणजे घराचा नकाशा, आईबापाकडून आलेला. पुढं ती मिरजगावाजवळच्या आमच्याच गावात अंगणवाडी सेविका झाली आणि हा धडा बायांना माझ्याहून बरा सांगू लागली. "नुसत्या सरपणानं भिंत उभी ऱ्हाती का गं?" असं विचारायची, आणि बाया हसायच्या.

दिवाळीच्या सुमाराला निम्मं गाव कोयते घेऊन ऊसतोडीला जातं. कल्याण आणि त्याची बायको मोनिका गेले, तेव्हा त्यांची दोन वर्षांची पंकजा आजीपाशी, म्हणजे कल्याणच्या आई साळूबाईपाशी राहिली. पोरीचे उसाच्या फडावर हाल नकोत म्हणून. महिन्याभरात तिला गोवर निघाला. आमच्याकडं गोवर म्हणजे देवीआईचं येणं. घरात फोडणी बंद, अंडं-मटण बंद, दाराला लिंबाचा पाला. आठवड्यात पोराला न्हाऊ घालतात आणि हे सगळं सुटतं. साळूबाईनं सोडलं नाही. पोरीचे आईबाप परत येईपर्यंत पाळीन, असं ती देवीला बोलून बसली. अंगणात सहा कोंबड्या अंडी घालत होत्या आणि पोर भाताची पेज, गूळपाणी आणि चहात बुडवलेल्या खारीवर होती. पुष्पावतीनं दिलेली मसूर उष्ण म्हणून डब्यात पडून. साळूबाई वाईट नव्हती हो, पोरीवर जीव टाकायची. मला राग येतो तो याचाच. मायेनं माणूस आंधळं होतं, आणि वर त्याचा अभिमान धरतं.

डिसेंबरात पोर भरू लागली. गाल गोल, पाय गुबगुबीत. "बाळसं धरलं माझ्या बाईनं," असं साळूबाई गल्लीभर सांगायची आणि रोज मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढायची. पुष्पावतीनं काट्यावर घेतलं तर अर्धा किलो वाढ. आजारातून उठलेलं लेकरू, तिलाही बरं वाटलं. तिनं मोबाईलमध्ये वजन भरलं आणि मोनिकाला फडावर फोन लावला, "काळजी करू नगं, पोरगी झ्याक हाय." पायावर अंगठा दाबून सूज बघायची, हे तिला प्रशिक्षणात शिकवलं होतं. काटा वर गेलेला दिसला आणि ते राहून गेलं.

जानेवारीत ती पुन्हा गेली, तेव्हा पंकजा भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती, हसत नव्हती. केस तांबूस झालेले, नुसते कुरवाळले तरी हातात येत होते. पुष्पावतीनं पावलावर अंगठा दाबला आणि काढला. खळगा तसाच राहिला. ते बाळसं नव्हतं, पाणी होतं. रक्तातलं पाणी रक्तात धरून ठेवायचं कामही प्रथिनंच करतात. ती संपली की पाणी अंगात उतरतं. टेम्पोत घालून तिनं पोरीला तालुक्याला नेलं, तिथून नगरला. चौथ्या दिवशी पंकजा न्यूमोनियानं गेली. रोगाशी लढायलाही प्रथिनंच लागतात. पोर ती कुठून आणणार होती?

कल्याण-मोनिका आले. मोनिका पाच महिन्यांची पोटुशी. पुष्पावतीबरोबर भेटायला मीही गेलो. वाटेत तिला बजावलं, "काही बोलू नकोस. म्हातारी हाय खाऊन मरेल."

"सर, व्हनारं लेकरूबी तिच्यापाशीच ठेवत्याल," ती म्हणाली.

साळूबाईनं विचारायचं ते विचारलंच. "बाई, रोज एक अंडं दिलं आसतं तर वाचली आसती का गं?"

तिच्या जागी मी असतो तर खोटं बोललो असतो. पुष्पावती म्हणाली, "वाचली आसती, मावशी. आन् मी म्हैनाभर आदी पाय दाबून पाह्यला आसता, तरीबी वाचली आसती."

साळूबाई रडली नाही. तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. उठली ती मोनिका.

"आत्याबाई, हे लेकरू मी तुमच्यापाशी ठेवायची न्हाई. माझ्यासंगं फडावर नेईन."

फडावर म्हणजे पाचटाची खोपटवजा कोपी, बोचरी थंडी आणि दिवसभर उसाच्या मोळ्यांच्या कडेला टाकलेलं लेकरू. तिथून परतलेल्या पोरांची वजनं दरवर्षी पुष्पावतीच घेते. गेलेल्यांतली काही परत येतच नाहीत, हे तिच्याइतकं गावात कुणाला ठाऊक नाही. ती घाईनं पुढं झाली आणि म्हणाली, "मोनिका, आसं करू नगं, माझं ऐक..."

"तुमचंच ऐकून फडावर निवांत ऱ्हायले हुते, बाई," मोनिका म्हणाली, आणि आत निघून गेली.