वेण्या घालणारे सर

आम्ही लातूरला पत्र्याच्या दोन खोल्यांत राहायचो. आई उजाडायच्या आत खुरपायला जायची. बाबा मार्केट यार्डात पोती उचलायचे. उन्हाळ्यात टँकर आला की माझी शाळा बुडायची, कारण रांगेत उभं राहायला घरात दुसरं कुणी नसायचं. शिक्षण म्हणाल तर बाबा सातवी नापास आणि आईचा अंगठा.

तरी कामावर जाण्याआधी रोज सकाळी बाबा ‘सर’ असायचे. वस्तीमागच्या मैदानावर मुलींना खो-खो शिकवायचे, तेही फुकट. बहुतेकींच्या आया कामावर गेलेल्या, त्यामुळं मुली केस मोकळे सोडूनच यायच्या. केस डोळ्यांवर आले की हूल दिसत नाही, म्हणून बाबा एकेकीला पुढ्यात बसवून वेण्या घालायचे. हमालाचे हात ते, वेणी अशी आवळायचे की बस्स.

“सर, डोळे वर गेले ओ!”

“जाऊ दे. वरून बी पळणारी दिसल.”

यार्डातले विचारायचे, “काय मास्तर, आज किती वेण्या?”

“लई झाल्या. तुमच्या टकलावर तेवढं जमत न्हाई बघा.”

आईला मात्र या खेळाचा राग होता. “पोरींना पळवून पोट भरतंय का?” म्हणायची. ती मैदानावर कधी आली नाही.

खेळामुळंच मला नांदेडच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. शेवटच्या वर्षाला होते तेव्हा बाबांना तोंडाचा कॅन्सर निघाला. तंबाखू यार्डात सगळ्यांच्याच खिशात असायची, त्यांच्याही होती. नांदेडलाच ऑपरेशन झालं. जीभ काढावी लागली, बोलणं गेलं. त्या दिवसांतलं मला सलग काही आठवत नाही. केस पेपरची रांग आठवते, फिनेलचा वास आठवतो आणि उभ्याउभ्या लागणारी झोप.

परीक्षेच्या पहिल्या पेपरच्या सकाळी मी वॉर्डात सांगून टाकलं, “मी न्हाई जात. आई एकटी किती करल? पुढच्या वर्षी देते.”

बाबांनी मला खाटेवर पाठमोरं बसायची खूण केली. वेणी घालायला घेतली. हातात जोर राहिला नव्हता, वेणी ढिली झाली. मग पाठीवर तळहातानं ढकललं.

खो-खोत नुसत्या धक्क्यानं उठता येत नाही, तोंडानं ‘खो’ म्हणावं लागतं. नाहीतर फाऊल. मी हलले नाही. म्हटलं, “बाबा, हे फाऊल हाय. तुम्हीच शिकवलंय.”

त्यांनी पुन्हा ढकललं. घशातून नुसती हवा आली. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा बघायला लागला.

आई स्टुलावर बसून बाबांना नळीतून पेज द्यायचं भांडं विसळत होती. तिनं मानही वर केली नाही.

“खो!” ती ओरडली. “ऊठ की आता. त्यांचं बोलायचं मी बोलते. बसून काय राहिलीस?”

मी उठले. रिक्षात बसल्यावर रडले आणि मग पेपर लिहिला. पुढचे सगळे पेपरही दिले. पेपर संपल्यावर बाबांना लातूरला घरी आणलं. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, आता घरीच न्या. बाबा तिथंच गेले. आई फार रडली नाही, भिंतीला टेकून बसल्या जागी झोपून गेली. दमली होती. मीही दमले होते.

निकाल नंतर लागला. मी बी.ए. पास झाले. आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली.