खांब काय म्हणतोय?

कुणाच्याही घरी गेले की ते आधी खांबाला भेटत, मग माणसांना. उजव्या हाताची बोटं मिटून खांबावर दोनदा टकटक करायची, मग कान लावायचा. घरधनी गूळपाणी घेऊन उभाच. "आधी ह्याला बोलू दे," म्हणायचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. बहिऱ्या अण्णानं खांब न बघता लोकांवर छप्पर पाडलं, असं आमच्या गुंद गावात अजून सांगतात. तुम्हीही ऐकलं असेल. ते खोटं आहे.

गाडीवाटेवर त्यांच्या चार खोल्या होत्या. जंगलात करवत ओढायला आलेली कुटुंबं तिथं भाड्यानं राहत. दर पावसाआधी अण्णा प्रत्येक खांब वाजवून बघत, खराब असेल तो बदलत आणि मगच पुढच्या वर्षाचं भाडं ठरवत. "भाडं खोलीचं येत न्हाई, खांबाचं येतंय," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. एखादी खोली रिकामी राहिली तरी नव्या खांबाची तजवीज आधी.

साठी उलटल्यावर त्यांना ऐकू येईनासं झालं. त्याच सुमारास मी त्यांचा भागीदार झालो. मग ते खांब वाजवत आणि मी कान लावी. माझ्या तोंडाकडे बघत ते विचारत, "काय म्हणतोय?" मी ओठ नीट हलवून सांगे, "भरीव हाय," किंवा, "पोकळ हाय."

चौथ्या खोलीतल्या करवतवाल्याची बायको फार बोलकी. "अण्णा, तुमचं कान ह्यांच्याकडं गहाण पडल्यात काय?" असं स्वतःचा कान धरून खुणेनं विचारायची. अण्णा हसत. "व्हय. पण व्याज घेत न्हाई बिचारा."

गवती छपरं काढून कौलं घालायची कल्पना माझी. दर वर्षीचं गवत वाचलं असतं, भाडं वाढवता आलं असतं. अण्णा म्हणाले, "कौल जड पडतंय. खांबास्नी विचारून सांगतो." तोवर मी माझ्याजवळचं होतं-नव्हतं ते घालून कौलं मागवलीही होती. शेवटी छपरं उतरली. भाडेकरू आठवडाभर गावी गेले. गाड्या दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि पश्चिमेकडून आभाळ भरून यायला लागलं.

तीन खोल्यांचे खांब चांगले निघाले. चौथीचा मधला खांब अण्णांनी वाजवला आणि मी कान लावला. आतून वाळवीनं पार खाल्लेला होता. नवा खांब म्हणजे जंगलखात्याची परवानगी, पंधरा दिवसांचा खोळंबा, आणि चारही खोल्या पावसात उघड्या.

"काय म्हणतोय?"

"भरीव हाय, अण्णा."

त्यांनी नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ माझ्याकडे पाहिलं. तो मला झालेला भास असेल. आजही ठरवता येत नाही.

कौलं चढली. करवतवाला, त्याची बायको आणि तान्ही पोर परत राहायला आली. पाऊस लागला आणि माझी झोप गेली. काहीतरी निमित्त काढून मी रोज त्या खोलीत जाई. खांबाच्या बुडाशी पिठासारखी माती साचलेली दिसे. ती मी पायानं सारत असे. एकदा म्हटलं, "शेजारची खोली रिकामी झालीय. तिकडं जावा."

"का वो? हितं काय भूत हाय?"

पोरीचा पाळणा त्याच खांबाला बांधला होता. मी तोंड उघडलं. मग म्हणालो, "न्हाई, सहज."

पावसाच्या चौथ्या दिवशी दुपारी अण्णा गळती बघायला आले. मी मागोमाग होतोच. त्यांनी खांब वाजवला नाही, नुसता तळवा ठेवला आणि तसेच थांबले. मग एकच शब्द म्हणाले, "भाईर." बाईनं पोर उचललं. ती उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत अण्णा खांबाला खांदा लावून उभे होते. मी बाईच्याही आधी बाहेर होतो.

आढं खाली आलं. अण्णा वाचले. उजव्या हाताची चार बोटं गेली.

पंचांनी विचारलं, खांब कुणी तपासला? कुणीतरी तोच प्रश्न हातवारे करून अण्णांना समजावला. ते म्हणाले, "त्या दिशी ह्यो सुप्याच्या बाजाराला गेला हुता. मी एकट्यानंच वाजवला. चूक माझी." लोक हसले. बहिरा खांब ऐकतो म्हणे. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत बसलो. नंतरही अण्णांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. भागीदारी तशीच राहिली, चहाही तसाच मिळायचा.

पुढच्या वर्षी पावसाआधी ते डाव्या हातानं खांब वाजवायला निघाले. मी सवयीनं पुढं झालो आणि कान लावायला वाकलो. त्यांनी मनगटानं मला हळूच बाजूला केलं आणि करवतवाल्याच्या बायकोला हाक मारली.

"ये गं पोरी. काय म्हणतोय, तू सांग."

तिनं पोर माझ्या हातात दिलं आणि खांबाला कान लावला.