गढूळ इन्सुलिन

गंगाखेडला तेव्हा आम्ही चार पोरं भेसळीविरुद्ध पत्रकं काढायचो. त्यामुळे मायच्या इन्सुलिनची नवी बाटली गढूळ दिसली, तेव्हा मी दुसरा विचारच केला नाही. आधीचं औषध पाण्यासारखं नितळ होतं, दिवसातून दोनदा टोचावं लागायचं. डॉक्टरांनी ते बदलून एकदाच घ्यायचं दिलं, आणि दुकानदारानं हे पांढरट पाणी हातात ठेवलं.

"हे असंच असतंय, पुढारी."

"दूधवालाबी असंच म्हणतोय," मी म्हणालो.

दुसऱ्या दुकानात हे औषध मिळत नव्हतं. मग गोदावरीचं पाणी घरोघर निवळून घेतात तसं केलं. बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत उभी ठेवली. पांढरा गाळ तळाला बसला. बाटली न उलटता, सुई वरच्या नितळात बुडवून सिरिंज भरली. रोज हेच. वर पत्रकही काढलं: 'औषधात खडू!' त्याच्याच दुकानासमोर वाटलं.

आठवड्यात माय तांब्यावर तांबे पाणी प्यायला लागली. साखर बघायला लघवी निळ्या औषधात उकळली की विटेसारखी लाल व्हायची, म्हणजे साखर फार वाढलेली. माझा संशय आणखी पक्का! तिला उठवेना, तेव्हा परभणीच्या दवाखान्यात नेलं. पुरावा म्हणून बाटली बरोबर घेतली.

तिथल्या सिस्टरनं बाटली उजेडात धरली.

"वरचं वरचं कोण काढलं?"

"मी."

"औषध तळाला हाय. त्याचे कण हळूहळू विरघळतात, म्हणून एक सुई दिवसभर पुरती. तुमी आईला नुसतं पाणी टोचलं की हो."

तिनं बाटली दोन्ही तळव्यांत घोळली. गाळ उठला, सगळं एकसारखं दुधाळ झालं.

मी तरी भांडलो. घोळून घ्या, हे खोक्यातल्या कागदावर होतं, पण इंग्रजीत. आमच्या गल्लीत ते कोण वाचणार होतं? डॉक्टरांनी का सांगितलं नाही? तो राग मला आजही रास्त वाटतो. पण दुकानदाराला मी प्रश्न विचारलाच नव्हता, थेट चोर ठरवलं होतं. दुसरं पत्रक काढून तेही छापलं.

चार दिवसांनी माय उठून बसली. मी सिरिंज उकळून आणली, तर ती दंड पुढे करीना.

"आधी घोळ," म्हणाली. "हितं, माज्यासमोर."