आधी भोपळा, मग पाणी

विमान पाण्यावर उतरलं तर माणसं वाचतात का, हा प्रश्न आमच्या मुरुममध्ये पहिल्यांदा आईनं विचारला. तोवर गावात कुणी विमान जवळून पाहिलंही नव्हतं. माझ्या धाकट्या भावाला अरबांच्या मुलखात कारकुनाची नोकरी लागली होती, तिकडून विमानाचं तिकीटही आलं होतं. वाटेत समुद्र आहे एवढं कळल्यापासून आईच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

"पोहता आलं की वाचतो," मी म्हणालो. मी शाळामास्तर. माहीत नसलं तरी उत्तर द्यायची खोड.

धाकटा पंचवीस वर्षांचा घोडा, पण पाण्याला बिचकायचा. आठ दिवस मी त्याला रोज सकाळी बारवेवर नेलं. आमच्याकडं पोहायला शिकवायची रीत ठरलेली. वाळलेला भोपळा पाठीला बांधायचा, गाठ ओढून बघायची, मगच शेवटची पायरी सोडायची. पहिल्या दिवशी हा शहाणा भोपळा नुसता काखेत धरून उतरला. भोपळा निसटला आणि गडी गटांगळ्या खाऊ लागला. वर ओढून काढला आणि मुस्काटात दिली. हो, एवढ्या मोठ्या माणसाच्या! "आधी भोपळा, मग पाणी! म्हण!" धुणं धुणाऱ्या बाया फिदीफिदी हसत होत्या आणि तो लाल गालानं म्हणत होता, "आधी भोपळा, मग पाणी." पुढं रोज पायरीवर मी त्याच्याकडून ते वदवून घेतलं.

आठव्या दिवशीही तो भोपळ्याशिवाय तरंगत नव्हता. "दादा, विमानात भोपळा कोण देणार?" त्यानं विचारलं.

"हवा भरायचं जाकीट देतात म्हणे. भोपळाच समज."

जाताना सुखरूप गेला. दोन वर्षांनी पहिल्या रजेवर येताना विमान समुद्रात उतरलं. तार आली. दीडएक महिन्यानं एक गृहस्थ सोलापूरहून एस.टी.नं आले. विमानात ते त्याच्या शेजारी बसले होते. आईसमोर सांगवणार नाही म्हणून त्यांनी मला स्टँडवरच थांबवलं.

"विमान आपटलं तरी आम्ही सगळे जिवंत होतो, मास्तर. किनारा दिसत होता. आतली बाई ओरडून सांगत होती, जाकीट आत फुगवू नका, दारातून बाहेर पडल्यावर दोरी ओढा. तुमच्या भावानं तोवर ओढली होती. पाणी गुडघ्यालासुद्धा लागलं नव्हतं. मला म्हणाले, आधी भोपळा, मग पाणी. मला काही उमगलं नाही. मग भसाभसा पाणी भरलं, दार बुडालं. खाली बुडी मारूनच बाहेर पडायचं होतं. ते जाकीट त्यांना खाली जाऊ देईना. वर छताला अडकून राहिले."

"तुम्हाला पोहता येतं?" मी विचारलं.

"छे हो! माझे हात गार पडले होते. दोरी ओढायचं सुचलंच नाही. बुडालो, कुणाचा तरी पाय धरला आणि दारातून बाहेर निघालो."

मला त्या भल्या माणसाचा इतका संताप आला की मी त्यांना चहापाणीही विचारलं नाही. परतीच्या गाडीत बसवलं आणि घरी आलो.

आई उंबऱ्यातच बसली होती. "काय म्हणाले रे? पोहायला कमी पडला का माझा लेक?"

"व्हय," मी म्हणालो.

"आणखी चार दिवस मिळायला पाहिजे होते तुला," ती म्हणाली आणि माझ्याच पाठीवरून हात फिरवत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वर्ष सरल्यावर तिनं परसातला एक भोपळा वाळवून माझ्या हातात दिला. "गल्लीतल्या पोरांना शिकव. कुणाचं लेकरू असं जाऊ नये." नाही कसं म्हणणार? शिकवलं मी. पायरीवर उभी राहून पोरं विचारायची, "गुरुजी, आधी काय करायचं?" मी नुसती गाठ ओढून बघायचो.