कोड आणि कोढ

मला कोड फुटलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि नांदेडात निजामाचं राज्य होतं. या दोन्हींचा एकमेकांशी काय संबंध, असं म्हणाल. सांगते.

आधी डाव्या हाताच्या बोटांवर पांढरे ठिपके आले, मग उजव्या, मग ओठाच्या कडेला. शेजारची काकू म्हणाली, "मासे खाऊन वर दूध पेली असंल पोरगी." अगं बाई, आमच्या घरात कांदासुद्धा विचारून यायचा! मासा मी पाहिला तो गोदावरीच्या घाटावरून, तोही पोहत असलेला. पण काकूला कोण सांगणार? तिनं आपल्या पोरींना माझ्यासंगं सागरगोटे खेळायची बंदी केली. मला रडू यायचं, आणि रडू आलं की मी भांडत सुटायची. तोंड माझं तेव्हापासूनच फटकळ.

राहता राहिली शाळा. मुलींचा सरकारी मदरसा, सगळं उर्दूत. मला उर्दूचं लई वेड. तिथं हैदराबादेहून नवी बडी उस्तानी, म्हणजे मुख्याध्यापिका, आली. पहिल्याच तासाला तिनं माझा हात पाहिला.

"हाथ कू क्या हुआ गे?"

मी ताडकन उभी राहिले आणि मोठ्या ऐटीत म्हणाले, "जी, मेरेकू कोड है."

झालं! आपल्या मराठीत कोड म्हणजे पांढरे डाग. उर्दूत कोढ म्हणजे महारोग. आणि हैदराबादेकडच्या बोलीत ढचा ड होतोच, त्यामुळं माझा शब्द अगदी चोख बसला. उस्तानीच्या हातातला खडू पडला. वर्ग दारातून पळाला. एक जाडजूड पोरगी तर खिडकीतून गेली, चपला सोडून! मी एकटी बाकावर पोट धरधरून हसले. मग शाळेतल्या आयानं लांबूनच सांगितलं, "घर कू जा. नाम कट गया तेरा."

हसू थांबवून मी दप्तर उचललं. कोडाची पोर एकदा घरी बसली की कायमची बसली, एवढं नऊ वर्षांच्या मलाही कळत होतं.

वडील कचेरीत कारकून होते. दुसऱ्या दिवशी रजा काढून ते मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. म्हाताऱ्या डॉक्टरसाहेबांनी मला डोळे मिटायला लावले आणि पांढऱ्या बोटावर टाचणी टोचली.

"अगं माय गं! मेल्या, टोचतोस कशाला?"

वडिलांनी कपाळाला हात लावला. डॉक्टरसाहेब मात्र खुर्चीत मागं पडून हसायला लागले. "कोढ के दाग कू सुई समजती नहीं. ये तो गाली देती!" मग त्यांनी वडिलांना नीट समजावलं, की कातडीचा फक्त रंग गेलाय, हे दुखत नाही, पसरलं तरी जिवाला धोका नाही, शिवल्यानं दुसऱ्याला होत नाही. तेच चिठ्ठीवर लिहून त्यांनी खाली मोहर मारली. आता वाटतं, महारोग असता तरी लेकराला हाकलायचं होतं का? पण तेव्हा हे कुणी बोलत नव्हतं.

उस्तानीनं चिठ्ठी सगळ्या वर्गाला दोनदा वाचून दाखवली आणि माझं नाव परत लिहिलं. मी तर हवेतच! पण दुपारच्या सुट्टीत अंगणात फुगड्या सुरू झाल्या आणि माझी जोडी काही जुळेना. ज्या पोरीपुढं जावं, तिचे हात पाठीमागं. चिठ्ठी सगळ्यांना पटली होती, हातांना तेवढी न्हाई.

मी भांडायला तोंड उघडलं, तेवढ्यात उस्तानी पायऱ्या उतरून खाली आली.

"मेरेकू ये आता नहीं. सिखाती क्या?"

आणि दोन्ही हात पुढं केले. मी घाबरत घाबरत तिचे हात आडवे-तिडवे धरले, पाय जुळवले आणि गरकन फिरले. तिची ओढणी उडाली, वेणी सुटली. "अल्ला! अल्ला!" ती ओरडतेय, मी "अजून जोरात!" म्हणून किंचाळतेय, लिंबाचं झाड, विहीर, पोरी सगळं भिंगरीगत फिरतंय. शेवटी दोघी धपकन धुळीत पडलो आणि हसून हसून दोघींचा श्वास पुरेना.

कोड फुटल्यापासून घराबाहेरच्या माणसानं माझे हात धरले ते त्या दिवशी पहिल्यांदा. फुगडी संपली होती, तरी मी तिचे हात सोडले नाहीत. तिनंही सोडवून घेतले नाहीत.